अर्थिंग

डावी मोटर अंगात आल्यासारखी करते.
उजवी शहाणी. सांगेल तेवढंच झुकते, थांबते.

दोघीही वायपरच्या, उद्यमनगरच्या मागच्या
एकाच भंगारातून किलोवर तोलून आणलेल्या.
वर जुन्या ओम्नीची सीट.
अँगलची चौकट सुभानदादानं वेल्डिंग करून दिली,
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पळाली तर दे.

पळायची नव्हतीच ती.
पडद्यावर गाडी वळली की इथं कूस बदलायची,
एवढंच मागणं.
पण घाटाच्या पहिल्याच वळणाला
अशी आपटली डावीकडं की माझी जीभ चावली गेली,
आणि सन्मती हसून हसून जिन्यात बसला.

मग शोध.
कार्बन घासले, नवे घातले.
डावीच्या वायरी उजवीला, उजवीच्या डावीला:
खोड मोटरीबरोबर जाते की जागेवर राहते ते बघायला.
जागेवर राहिली.
ड्रायव्हर बोर्ड बदलला. आठशे गेले.
शेवटी पॉट. रेडिओच्या बटणाएवढा,
सीट किती कलली ते बोर्डाला तोच सांगतो.
त्याचे आकडे लावून बसलो रात्रभर:
५१२, ५१२, ५११, ५१२,
सकाळी सात वाजता एकदम ९०. मग ९७०.
सीट तसूभर हललेली नव्हती.
"खोटं बोलतंय," सन्मती म्हणाला.
मला तसं वाटेना.
घाबरलेलं माणूस असंच सांगतं.

एक गोष्ट वहीत लिहिलीच नव्हती आम्ही.
अनवाणी असताना चौकटीला हात लागला
की मुंग्या यायच्या. वाटलं, बसून बसून.

वहीत तारखा होत्या. सोमवार सगळे कोरे.
सोमवारी ती दिवसभर गुणी.
सोमवारी खालचा डंक बंद असतो.

खाली सोनाकाकूचा चटणीचा डंक.
एप्रिलात डब्यांची रांग रस्त्यापर्यंत,
मुसळं धाड धाड, संकेश्वरीचा ठसका वर आमच्या खोलीत.
काकूनं खटका दाबला की पाच हॉर्सपॉवर उठते
आणि वर आमचा पॉट भेदरतो.

सांगायला गेलो ते भीतभीतच.
"म्हंजे माझा डंक तुमच्या खुर्चीला चावतोय?"
तिनंच यल्लाप्पा वायरमनला बोलावलं.
तो मीटरमागं बॅटरी मारून बराच वेळ गप्प.
हिरवी वायर भिंतीवरून नीट, क्लिपा मारत खाली आलेली,
आणि खाली एका खिळ्याला गुंडाळलेली.
खिळा भिंतीत. भिंत कोरडी.
"बत्तीस वर्सं झाली बोर्डाला," तो म्हणाला,
"आन् ह्यात अर्थच न्हाई."

परड्यात खड्डा. पाच फूट.
सन्मतीच्या तळहाताला फोड.
तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. मीठ कमी पडलं.
काकूनं चटणीचं खडेमीठ आणलं, अर्धं पोतं,
ओतलं, वर कळशीभर पाणी.
"घे बाई," म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

५१२. ५१२. ५१२.

शनिवारी सुनेला डंकावर बसवून ती वर आली.
चपला दारात, पदर खोचलेला.
जन्मात सायकलसुद्धा चालवली नाही म्हणे.
तिला गगनबावड्याचा घाट लावून दिला,
सन्मतीनं बनवलेला, झाडं अर्धीच राहिलेला.
दोनदा दरीत गेली, दोन्ही वेळा अंबाबाईला हाक.
तिसऱ्यांदा मधेच थांबली.
चौकटीवर हात ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.
"ह्या हाताला मुंग्या यायच्या बग,
डंकाच्या लोखंडाला टेकला की.
मला वाटायचं, कामाच्या हायत."

हात उलटा करून बघत राहिली.
खाली धाड धाड चालूच.
गाडी दरीच्या तोंडाशी, इंजिन सुरू,
सीट डावीकडं जराशी कललेली. दोन अंश.
तेवढं अजून राहिलंय.